गायनेकोचं ऑपरेशन, १ लाख २० हजार आणि माझी अक्कल

नाव लिहीत नाही, माझंही नाही आणि त्या क्लिनिकचंही नाही, केस चालू आहे. कोल्हापुरातलाच आहे, मंगळवार पेठेत वाढलो, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे, वय २९. हे लिहू का नको करत काही महिने गेले कारण विषयच तसला आहे, पोरांच्या छातीचा. पण जिममध्ये अजून दोन पोरं त्याच जाहिरातीबद्दल बोलताना ऐकली म्हणून म्हणलं आता लिहूनच टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गायनेको (गायनेकोमास्टिया) म्हणजे पुरुषाच्या छातीत ग्रंथी वाढून छाती बाईसारखी दिसायला लागते. वयात येताना बऱ्याच पोरांना होतं आणि बहुतेकांचं वर्ष दोन वर्षांत आपोआप जातं. माझं गेलं नाही, उलट जिम लावल्यावर वाढलं, ते का ते पुढं सांगतो. पेठेत फुटबॉल म्हणजे काय असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, मी तालमीच्या टीममध्ये राखीव पोरांत होतो, शाहू स्टेडियमच्या कडेला सगळ्यांसमोर जर्सी बदलायची वेळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा, एकदा कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळी हसली, मी पण हसलो, आणि नंतर गुडघा दुखतोय सांगून खेळणंच सोडलं. पंचगंगेत पोहायला गेलो तरी बनियन घालून. घरात स्थळं बघायला लागल्यावर तर झोपच उडाली. हे सगळं मी एका माणसाला बोललो नव्हतो, आईला नाही, जिवाभावाच्या मित्राला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं सगळं ह्याच्यामुळं झालं.

जाहिरात फोनवर आली. "४५ हजारांत, टाका नाही, सकाळी या संध्याकाळी घरी, लाइफटाइम गॅरंटी." खाली एका पोराचे आधीचे आणि नंतरचे फोटो. नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन. मॅडम इतक्या गोड बोलल्या की काय सांगू, आमच्याकडच्या पोरी "मी येतो, मी जातो" म्हणणाऱ्या आणि ह्या एकदम "सर, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, सगळं कॉन्फिडेन्शियल राहील." हा कॉन्फिडेन्शियल शब्द त्यांनी चार वेळा वापरला असंल. मला तेच पाहिजे होतं. आता कळतंय की त्यांनाही तेच पाहिजे होतं, कारण जो कुणाला सांगणार नाही तो कुणाला विचारणार पण नाही. (आणि ते ४५ हजार म्हणजे एका बाजूचे निघाले. एका बाजूचे! लोक एकाच बाजूचं करून घरी जातात काय रे?)

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, खाली मेडिकल, एसी चकाचक. बोर्डावर एका प्लास्टिक सर्जनचं नाव, पुढं डिग्र्यांची ओळ. मॅडमनी फोटो काढले, मग डॉक्टर आले, शर्ट वर करायला सांगितला, "ग्रेड टू" (म्हणजे मध्यम वाढ) म्हणाले आणि गेले. पाच मिनिटं पण नाही. कसल्या गोळ्या चालू आहेत, जिम करतोस का, पावडर इंजेक्शन काही घेतोस का, किती वर्षांपासून आहे, काहीच विचारलं नाही. सोनोग्राफी नाही, थायरॉइड नाही, लिव्हर नाही, हार्मोनची टेस्ट नाही. ऑपरेशनच्या आधी रक्त घेतलं तेवढंच.

मग पैशाचं बोलणं. दोन बाजूंचे ९० हजार, ओटी (ऑपरेशन थिएटर), औषधं आणि नंतर छातीवर घालायचं ते घट्ट जॅकेट मिळून ३० हजार, टोटल १ लाख २०. माझा पगार २६ हजार. मॅडम म्हणाल्या ९० चं लोन इथंच होतं, नो कॉस्ट ईएमआय, १८ हप्ते, फक्त आधार, पॅन आणि ओटीपी. राहिलेले ३० कॅश द्या म्हणजे त्याच्यावर जीएसटी लागणार नाही. कॉस्मेटिक सर्जरीला १८ टक्के जीएसटी खरंच लागतो, आजारपणाच्या उपचाराला माफ असतो तसा ह्याला नाही, त्यामुळं मला वाटलं वा, ५४०० वाचले. मिळाली काय तर चिठ्ठी, त्यावर आकडा आणि एक गोल सही, ना शिक्का ना बिल नंबर.

आणि आता माझी स्वतःची चोरी सांगतो. मॅडम म्हणाल्या, कंपनीचा मेडिक्लेम आहे ना, मग पेपरवर छातीतली गाठ काढली असं लिहून देतो, क्लेम पास होतो, आमच्या सगळ्या पेशंटचा होतो. दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. मला पण आतनं कळत होतं की हे लबाडीचं आहे. तरी सही केली. १ लाख २० परत मिळतील ह्या नादात केली, दुसरं काही कारण नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑपरेशन झालं. घरी सांगितलं कंपनीचं पुण्याला ट्रेनिंग आहे. कळंब्याला एक मित्र रूम करून राहतो त्याला सांगितलं बारकं ऑपरेशन आहे, विचारू नको. ओटीच्या बाहेर इंग्लिशमध्ये चार पानं सहीला दिली, मी झोपायच्या गोळीच्या गुंगीत होतो, वाचणार काय, केल्या सह्या. आत गेलो तर बोर्डावरचे डॉक्टर नाहीत, माझ्याएवढा एक पोरगा मास्क लावून. म्हणलं सर कुठायत, तर म्हणाला येतायत. भूल द्यायला वेगळा डॉक्टर दिसला नाही, त्या पोरानंच इंजेक्शनं मारली. अर्धवट शुद्धीत सगळं कळत होतं, चरबी ओढायची नळी आत बाहेर करताना अंग हलत होतं. सर आले का नाही मला अजून माहीत नाही. संध्याकाळी साडेसहाला मित्राच्या स्प्लेंडरवर मागं बसून कळंब्याला गेलो, रस्ते कसे आहेत तुम्हाला माहीत आहेत.

पहिल्या आठवड्यात डावीकडं पाणी भरलं. फुग्यासारखं. फोन केला तर "नॉर्मल आहे सर". तिसऱ्या दिवशी ताप आला तेव्हा बोलावलं, सिरिंजनी पाणी काढलं, १५०० रुपये घेतले. महिन्याभरानं सूज उतरली आणि आरशात बघितलं तर डावीकडं खड्डा, उजवीकडं फुगीर, आणि दोन्हीकडं निपलच्या मागं ती घट्ट चकती जशीच्या तशी. त्यांना दाखवलं तर म्हणाले सहा महिने थांबा, जॅकेट घाला. सहा महिने थांबलो. मग म्हणाले रिव्हिजन, म्हणजे परत ऑपरेशन, करावं लागंल, ६० हजार, जुने पेशंट म्हणून डिस्काउंट. मग लाइफटाइम गॅरंटी? ती "फॅटची" होती म्हणे.

आमच्या शॉपवर जॉब रिजेक्ट झाला तर आम्ही रिवर्क करतो, पार्टीला दुसरं बिल लावत नाही. फौंड्रीतनं साधं कास्टिंग आलं तरी मी व्हर्नियर लावून मापल्याशिवाय आत घेत नाही, आणि इथं स्वतःचं शरीर दिलं ते बोर्डावरचं नाव वाचून.

त्या दिवशी रात्री तालमीच्या कट्ट्यावर बसून दोघा मित्रांना सगळं सांगितलं, पहिल्यांदा. मला वाटलं होतं हसतील. त्यातला एक म्हणाला, "एवढंच व्हय? माझ्या भावाचं झालंय की हे, सीपीआरला दाखवलं होतं." आठ वर्षं मी ज्याच्यासाठी बनियन घालून पोहलो ते त्याच्या घरातच होतं आणि ते सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून दाखवून आले होते. शिव्या मला घातल्या त्या वेगळ्या.

मग मी पण सीपीआरला गेलो, तिथनं पुढं एका प्लास्टिक सर्जनकडं. त्यांनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. २०२२ मध्ये जिमच्या ट्रेनरनं तीन महिने इंजेक्शनं दिली होती ते सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. ते स्टेरॉइड होतं, त्यानं ग्रंथी वाढते. काही आम्लपित्ताच्या, ब्लडप्रेशरच्या, केसगळतीच्या गोळ्यांनी पण वाढते, थायरॉइड किंवा लिव्हर बिघडलं तरी वाढते, म्हणून आधी कारण बघायचं असतं. नुसती चरबी असली तर हाताला मऊ लागते, तिला नळीनं ओढून काढता येतं. ग्रंथी रबरासारखी लागते, ती नळीत येत नाही, निपलच्या कडेला बारकी चीर देऊन कापून काढावी लागते. म्हणजे "टाका नाही" ह्या जाहिरातीतच माझ्या केसचा निकाल होता. माझी चरबी काढली, तीही वाकडीतिकडी, आणि मूळ दुखणं आत तसंच.

मग त्यांनी डिस्चार्ज पेपर वाचला. "गाठ काढली असं लिहिलंय, बायोप्सीचा रिपोर्ट कुठाय?" अंगातनं गाठ काढली तर ती तपासायला पाठवतात. माझ्याकडं रिपोर्ट नाही कारण गाठ नव्हतीच. कागदावर जे ऑपरेशन झालं ते झालंच नाही, आणि जे झालं ते कागदावर नाही. क्लेम पण रिजेक्ट झाला होता, ते तर सांगायचंच राहिलं.

आता वकिलाकडनं जे कळलं ते लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडंल. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासनं पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असंल तर फी नाही. आधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करता येतो, मी केला, त्यांनी क्लिनिकला मेल पाठवला, क्लिनिकनं उत्तर दिलं नाही, तो पण पुरावाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपले पेपर लेखी मागायचे, मागितल्यापासनं ७२ तासांत द्यायला पाहिजेत असा २००२ पासनं डॉक्टरांचा नियम आहे. जाहिरात करून पेशंट ओढायचे नाहीत असं पण त्याच नियमांत आहे, हे ऐकून मी हसलोच. माझे पेपर दोन नोटिसांनंतर आले, आणि ऑपरेशन करणाऱ्याच्या जागी जी सही आहे ती कुणाची आहे हे अजून कुणी सांगेना. सर्जन म्हणून ज्याचं नाव सांगतील त्याचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येतं, दोन मिनिटं लागतात. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग सर्जरीची एमएस, मग प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. थोड्या महिन्यांचा "कॉस्मेटॉलॉजी"चा कोर्स म्हणजे ते नव्हे. पण नुसतं बोर्डावरचं नाव तपासून पण भागत नाही बघा, माझ्या बोर्डावरचं नाव खरंच होतं, डिग्र्या पण खऱ्या होत्या. चाकू कोण धरणार आणि भूल कोण देणार हे नावानिशी कागदावर लिहून घ्या, ते लिहून द्यायला का कू करायला लागले की तिथनंच खाली उतरा, खाली मेडिकल असतंच, पाण्याची बाटली घ्या आणि घरी जा.

कॅशच्या ३० हजारांचं काय होणार माहीत नाही. चिठ्ठीवर क्लिनिकचं नावच नाही, वकील म्हणाला हे धरून चालू नको. ५४०० वाचवायला गेलो आणि ३० हजारांचा पुरावा घालवला. मेडिक्लेमचं पण वकिलाला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं, तो म्हणाला समोरचा हे काढणारच, आपणच आधी काढू. गंमत म्हणजे तोच खोटा कागद आता आमच्या कामाचा झालाय, कारण त्यात गाठ काढली लिहिलंय आणि नवीन सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर दिसतेय.

लोनवाल्यांना फोन केला, म्हणलं काम खराब झालंय हप्ता थांबवा. त्यांनी सांगितलं लोन तुमच्या नावावर आहे, क्लिनिकशी आमचा संबंध नाही. थकवला तर सिबिल बिघडतं, बहिणीच्या लग्नाला लोन काढायचं आहे, म्हणून भरतोय. मोबाइलवरच्या असल्या लोनला सुरुवातीला एक कूलिंग ऑफची मुदत असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न लागता बाहेर पडता येतं, ते त्या लोनच्या कागदात लिहिलेलं असतं. माझ्या पण होतं. मॅडमनी ओटीपी विचारला, मी सांगितला, तो कागद मी आठ महिन्यांनी उघडून वाचला.

नवीन सर्जननी सांगितलंय आतली चामडी चिकटली आहे, वर्ष झाल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि लावला तरी खड्डा पूर्ण भरंल असं मी लिहून देणार नाही. हा पहिला डॉक्टर ज्यानं मला नाही म्हणून सांगितलं.

गेल्या आठवड्यात त्याच मॅडमचा फोन आला, आवाजावरनं ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नाही. "सर, तुम्ही मागं एन्क्वायरी केली होती, सध्या न्यू इयर ऑफर चालू आहे." म्हणलं कुठल्या बाजूची? फोन कट.

हप्ता दर पाच तारखेला जातो. अजून सात राहिलेत.