जुन्या गाडीचा मॅग्नेट दुरुस्तीला देताय? आधी हे वाचा

आमच्या घरी आजोबांची बीएसए एम२० मोटारसायकल आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी या गाड्या सव्वा लाखाच्या वर बनल्या. आजोबांनी आमची १९५८ साली बेळगावला घेतली आणि आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला आणली. ४९६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे. बॅटरी मेली तरी गाडी चालते, कारण प्लगचा करंट मॅग्नेटो स्वतः तयार करतो. लहानपणी बाबा मला टाकीवर बसवून उभादांड्याच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचे. या गाडीच्या मॅग्नेटोपायी माझे १७,५०० रुपये गेले. पैशापेक्षा मोठी वस्तू गेली, तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

सुरुवात गेल्या वर्षी मे महिन्यात झाली. सकाळी पहिल्या किकला गाडी चालू व्हायची आणि आठ-दहा किलोमीटरवर फटफट करत बंद पडायची. मग कितीही किक मारा, हूं नाही की चूं नाही. अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी परत चालू. मी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, टाकी धुतली. शेवटी बाजारातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गरम झाली काय मरता, थंड झाली काय परत चालू होता. पेट्रोलाचा काय नाय रे, मॅग्नेट गेलो."

त्यांनी माझ्यासमोर मॅगडायनो उतरवला. लुकासच्या या युनिटमध्ये वर डायनामो आणि खाली मॅग्नेटो असतो. आर्मेचर, म्हणजे मॅग्नेटोतला तार गुंडाळलेला फिरता भाग, बाहेर काढलं तर बोटाला गुळाच्या पाकासारखा तपकिरी चिकटा लागला. जुन्या काळी वाइंडिंगवर, म्हणजे गुंडाळलेल्या तारेवर, लाखेचं व्हार्निश द्यायचे. सत्तर-ऐंशी वर्षांनी, त्यात आपली दमट खारी हवा, ती लाख इंजिनच्या उष्णतेने पाघळते. कंडेन्सरही आर्मेचरच्या पोटातच बसवलेला असतो. तो गरम झाला की त्यातून करंट गळायला लागतो आणि ठिणगी मरते. तो बदलायचा तर अख्खं आर्मेचर खोलावं लागतं. काका म्हणाले, हे काम माझ्याकडे होणार नाही, आर्मेचर भरणारा, म्हणजे त्यावर नवी तार गुंडाळणारा, माणूस शोध. परत जोडण्याआधी मी मोबाइलवर चार-पाच फोटो काढले, ते नंतर फार उपयोगी पडले.

घाटावरच्या एका शहरात जुन्या गाड्यांची कामं करणारा माणूस आहे असं कळलं. त्याचं नाव लिहीत नाही. फोनवर बोलणं अगदी मधाळ. "दादा, आजोबांची गाडी म्हणजे देवच. तुम्ही फक्त माल आणून द्या." जूनच्या अखेरीस टॉवेलात गुंडाळून मॅगडायनो घेऊन मी स्वतः गेलो. त्याने दोन मिनिटं फिरवून पाहिला आणि हिशेब सांगितला: आर्मेचर भरायचे ९,०००, बेअरिंगचे १,५००, चुंबक चार्ज करायचे १,५००, कंडेन्सर आणि मजुरीचे २,५००. एकूण १४,५००. त्यातले १०,००० आगाऊ आणि रोख. पावती मागितली तर म्हणाला, आपल्यात पावती कसली. मी गप्प बसलो. चतुर्थीला मुंबईहून सगळे चाकरमानी येणार, बाबांना त्यांच्यासमोर गाडी चालू करून दाखवायची होती. ती घाई मीच त्याला बोलून दाखवली होती आणि तीच त्याने पुरेपूर वापरली. जुलै गेला, ऑगस्ट गेला. फोन केला की "दादा, तार मागवलीय", "दादा, व्हार्निश वाळतंय".

चतुर्थीच्या चार दिवस आधी बोलावणं आलं. मॅगडायनो आरशासारखा चमकत होता. त्याने टेबलावर प्लग ठेवला, वायर जोडली, हाताने गिअर फिरवला. टक् करून निळी ठिणगी पडली. मला भरून आलं. उरलेले ४,५०० दिले आणि नमस्कार करून निघालो.

माझी चूक इथे झाली. जुन्या गाडीवाल्यांनो, एवढा भाग तरी नीट वाचा. टेबलावरच्या थंड मॅग्नेटोची ठिणगी जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. प्लगच्या टोकाची फट अर्ध्या मिलिमीटरची, आणि तीही उघड्या हवेत. तेवढी फट मेलेला मॅग्नेटोही ओलांडतो. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. आणि आपला रोग मुळात गरम झाल्यावरचा. म्हणजे त्याने मला जे दाखवलं ते बिघडलेला मॅग्नेटोही दाखवू शकला असता. खरी परीक्षा करायची तर आर्मेचर साठ-सत्तर डिग्रीला दोनेक तास तापवायचं, लगेच जोडायचं, हळू फिरवायचं आणि पाच मिलिमीटरच्या फटीवर ठिणगी न चुकता पडते का ते बघायचं. चांगला कारागीर हे तुमच्यासमोर करतो. "त्याची गरज नाही" म्हणाला तर माल उचला आणि चालू लागा.

मिस्त्रीकाकांनी पॉइंटचा (करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या उघडझाप करणाऱ्या टोकांचा) गॅप बारा थाउ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, ठेवून ठिणगीचं टाइमिंग लावलं. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. बाबा खळ्यात उभे राहून नुसते आवाज ऐकत होते. हरतालिकेच्या दिवशी मी सावंतवाडीला निघालो आणि तुळस घाटीत गाडी बंद पडली. मॅग्नेटोला हात लावला तर चांगलाच तापलेला. अर्ध्या तासाने चालू. सगळं पहिल्यासारखंच.

पुढचे दोन महिने तो फोनवर मला फिरवत राहिला. टाइमिंग चुकलं असेल, पेट्रोल भेसळीचं असेल, तुमच्या मिस्त्रीला जमत नसेल. हे शेवटचं मला फार लागलं. "परत पाठवा, तपासतो" म्हणून आणखी ३,००० घेतले आणि पंधरा दिवसांनी मॅगडायनो होता तसाच धाडला. त्यानंतर फोन उचलणं बंद.

शेवटी कोल्हापुरातल्या एका वयस्क वाइंडिंगवाल्यांकडे गेलो. त्यांनी मला शेजारी बसवून युनिट खोललं. वरून लालभडक नवीन व्हार्निश. त्यांनी पात्याने हलकेच खरवडलं तर खाली तोच तपकिरी चिकटा. तार जुनी, कंडेन्सर जुना, बेअरिंग धुऊन परत बसवलेलं. भरलं तर काहीच नव्हतं. मी मोबाइलवरचे फोटो काढले, आणि त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे आर्मेचर तुमचंच आहे का?"

आमचं नव्हतं. आमच्या आर्मेचरच्या पितळी टोकावर, पॉइंटच्या किल्लीची, म्हणजे तो जागेवर धरणाऱ्या खुंटीची, खाच असते तिच्याशेजारी, पंचने मारलेले तीन ठिपके होते. बेळगावच्या कुणा जुन्या मिस्त्रीची ती खूण, असं बाबा सांगतात. माझ्या फोटोत ते स्पष्ट दिसत होते, समोरच्या आर्मेचरवर एकही नव्हता. त्या पहिल्या माणसाने आमचं ठेवून घेतलं आणि कुठलं तरी भंगारातलं रंगवून गळ्यात मारलं. माल ताब्यात घेताना पॉइंटचा मधला एक बोल्ट काढून बघितला असता तर तिथेच कळलं असतं. एक मिनिटाचं काम होतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं. आमच्या जिल्ह्याच्या, ओरोसच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पण माझ्या हातात पावती नाही, दिलेले पैसे रोख आणि आर्मेचर माझं होतं याला पुरावा फक्त माझ्याच मोबाइलचा. म्हणून सांगतो, पैसे यूपीआयने द्या. काय काय बदलणार ते निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. काढलेला जुना कंडेन्सर आणि जुनी तार परत मागा, कारण ज्याने खरंच काढलंय तो देतोच. आणि माल देण्याआधी आर्मेचरवर आपली खूण करा, त्याच्यासमोर फोटो काढा.

कोल्हापूरच्या काकांनी तेच भंगारातलं आर्मेचर नव्याने भरलं, नवा कंडेन्सर घातला, तापवून माझ्यासमोर तपासलं आणि जुनी तार पिशवीत घालून दिली. या मे महिन्यात भर दुपारी मी तुळस घाटी दोनदा चढलो, गाडी एकदाही चुकली नाही. बाबा आता परत तिच्यावर मागे बसतात.

पण आजोबांच्या हाताखालचं आर्मेचर कुठल्या तरी दुसऱ्या गाडीत आहे, नाहीतर कुणाच्या तरी कपाटात विकायला ठेवलेलं आहे. पितळी टोक, किल्लीची खाच, तिच्या डाव्या बाजूला एका ओळीत तीन ठिपके, मधला किंचित खोल. एम२०चा मॅग्नेटो उघडताना कुणाला असं आर्मेचर दिसलं तर कृपा करून मला कळवा. जे काय पैसे असतील ते देऊन मी घेऊन जाईन.