चाइल्ड क्रमांक की लॉज क्रमांक?

अमेरिकन कथागीतांची (बॅलड) नोंद करताना या दोन अभ्यासकांच्या दोन्ही क्रमांकपद्धती लागतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी 1882 ते 1898 या काळात 305 इंग्लिश-स्कॉटिश कथागीतं पाठभेदांसह छापली. क्रमांक गीताचा, त्यापुढचं अक्षर पाठाचा: ‘बार्बरा ॲलन’ म्हणजे 84, तिचा पहिला पाठ 84ए. अ‍ॅपलाचियात, म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या डोंगराळ भागात, मिळालेलं गाणं जुन्या ब्रिटिश घराण्यातलं असेल तर आधी इथे बघा. चाली मात्र इथे फारशा नाहीत. त्या ब्रॉन्सन यांनी संकलित केलेल्या चालींच्या चार खंडांत शोधाव्या लागतात.

माल्कम लॉज यांनी अक्षर आधी ठेवलं आणि तेही विषयाचं. ए ते आय अमेरिकेत रचलेली गीतं: बी काउबॉय, सी लाकूडतोडे, ई गुन्हेगार, एफ खून, आय कृष्णवर्णीयांची. ‘जेसी जेम्स’ ई 1, ‘जॉन हेन्री’ आय 1. जे ते क्यू ही ब्रिटनमधल्या एकपानी छापील गीतांतून आलेली. म्हणजे 84ए आणि ए 1 मधल्या ‘ए’चा एकमेकांशी काही संबंध नाही, नवखे इथेच फसतात.

शीर्षकावरून शोधू नका. ‘प्रिटी पॉली’ या नावाने चाइल्ड 4 आणि लॉज पी 36 ही दोन वेगळी गाणी गायली जातात. कथानक जुळवा, मग क्रमांक लिहा.

कथा नसलेल्या गाण्यांना लॉजमध्ये जागाच नाही. त्यांच्यासाठी राउड क्रमांक, म्हणजे स्टीव्ह राउड यांच्या लोकगीत-सूचीतला क्रमांक.