आमच्या आळीची घंटागाडी : सेवेचा एक वर्षाचा अनुभव

बाजारपेठेतून बंदराकडे उतरणाऱ्या आमच्या रस्त्यावर नगरपरिषदेने सम-विषम तारखांचे पार्किंग लागू केले, त्याला आता वर्ष होत आले. निर्णय वाहतूक कोंडीसाठी घेतला गेला होता. मला त्याचे मोल कळले ते घंटागाडीमुळे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणे) आणि त्यांना खेटून दोन्हीकडे गाड्या, अशी स्थिती असताना घंटागाडी नाक्यावरच थांबत असे. ज्यांना बादली घेऊन चढण चढणे जमत नसे, त्यांचा ओला कचरा घरातच राही, आणि कोळंबीची साले व बांगड्यांची डोकी दमट हवेत दुपारपर्यंतही ठेवण्यासारखी नसतात. आता एक बाजू मोकळी असल्याने गाडी सकाळी फाटकापर्यंत येते. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातले. ते आमच्याकडे खऱ्या अर्थाने पाळले जाऊ लागले ते या वर्षी. एकत्र केलेला कचरा सफाई कामगार घेत नाहीत, पण वेगळा कसा करायचा हे थांबून समजावतात. त्यांच्या या वागणुकीला मी पूर्ण गुण देईन.

उणीव आहे ती माडाच्या कचऱ्याची. झावळ्या, नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले), करवंट्या आणि खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या ‘ओल्यातही नाही, सुक्यातही नाही’ असे सांगून परत केल्या जातात, आणि मग त्या परसात जाळल्या जातात किंवा वहाळात टाकल्या जातात. पावसात तोच वहाळ तुंबतो. कोकणातल्या नगरपरिषदेने कोकणातल्या घराचा कचरा ओळखू नये, हे मनाला लागते. सोडणांचा काथ्या होतो, झावळ्यांचा भुगा खतात जातो. आठवड्यातून एक दिवस वेगळी गाडी फिरवली तरी पुरे. जवळच्या वेंगुर्ले नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरणाची शिस्त लावली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत केले, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले आणि कचरा डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी केली. तेथेही माडच आहेत.

दुसरी अडचण गणपतीतली. चाकरमान्यांच्या गाड्या येताच सम-विषमचा नियम गुंडाळला जातो, फलक गाड्यांमागे झाकले जातात, ठराव नगरपरिषदेचा आणि दंड पोलिसांचा असल्यामुळे दोघेही एकमेकांकडे पाहतात, आणि ज्या दिवसांत घरोघरी सर्वाधिक कचरा व निर्माल्य निघते त्याच दिवसांत घंटागाडी पुन्हा नाक्यावर अडते. माझ्या शेजारच्या वृद्ध काकूंनी गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी भर पावसात बादली वर नेली. नाक्यावरचे मैदान त्या दिवसांसाठी बाहेरच्या गाड्यांना खुले करावे, असा अर्ज आळीतील सर्व घरांच्या सह्यांनी आम्ही दिला आहे. पहिली सही काकूंच्या मुलाची आहे. दर गणपतीत त्याचीही गाडी मुंबईहून येते.