घरपोच रेतन सेवा, सत्तरी: कांडीवरचा रेडा कोणता ते विचारा

गोव्यात, सत्तरीतल्या केरीला अंजुणे धरणाच्या अलीकडे आमचा गोठा आहे. दावणीला 18 म्हशी. बहुतेक मुऱ्हा जातीच्या वळणाच्या, चार पंढरपुरी जातीच्या आणि सासूबाईंच्या वेळच्या गावठी म्हशींच्या तीन लेकी-नाती. म्हशी भरवायला आम्ही डिचोली-सत्तरीत फिरणारी एक खासगी कृत्रिम रेतन सेवा धरली आहे. नाव लिहीत नाही. अशा सेवा आता बऱ्याच निघाल्या आहेत, आणि कुणालाही बोलावताना काय बघून घ्यावं हे सांगण्यासाठी लिहिते आहे.

या सेवेकडून रेतन करायला येणारा मुलगा कामाला चांगला आहे. फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "काकी, माज कधी दिसला?" सकाळी दिसला तर संध्याकाळी येतो, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो. उन्हाळ्यात तर ती ओरडतही नाही, सोट (मागून येणारा चिकट पारदर्शक स्राव) दिसला तरच कळतं. हा घाई न करता आधी तपासतो, माज नसेल तर "आज नको" म्हणून परत जातो आणि पैसे घेत नाही. कांडी (गोठवलेल्या रेताची बारीक नळी) उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमधून काढली की 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतो, त्यासाठी थर्मामीटर सोबत आणतो. तळहातावर चोळून कांडी गरम करणारेही मी पाहिले आहेत, त्यांना गोठ्यात घेऊ नका. दर एका वेळचा 300 रुपये, म्हैस उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर पुढच्या खेपेला अर्धे. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती रेड्यांबद्दल. म्हैस गाभण राहिली की सेवा चांगली, एवढ्यावरच आपल्याकडे हिशेब संपतो. कांडीवर रेड्याचा नंबर, जात, रेतन केंद्र, तारीख असं सगळं छापलेलं असतं, पण ते वाचतं कोण? सुरुवातीला याच्या वहीत नुसतं "मुऱ्हा" एवढंच लिहिलेलं असायचं. मी रिकाम्या कांड्या मागून घेऊन डब्यात ठेवायला लागले, तेव्हा दिसलं की त्याच्या कंटेनरमध्ये दोन-तीनच रेडे आळीपाळीने येतात.

पूर्वी वाड्यावर एखादा रेडा असायचा. तो विकला जायचा, म्हातारा व्हायचा, दुसरा यायचा. शेतात पॉवर टिलर आल्यापासून रेडा पोसायला कुणी तयार नाही. कांडीतला रेडा मात्र म्हातारा होत नाही. गोठलेलं रेत वर्षानुवर्षं टिकतं. आज ज्या रेड्याची कांडी घातली त्याची लेक जन्मल्यावर अडीच-तीन वर्षांनी माजावर येईल, तेव्हाही त्याच नंबरच्या कांड्या बाजारात असू शकतात. बाप-लेकीपासून झालेल्या रेडकात जनुकांच्या चार जोड्यांमागे सरासरी एक जोडी दोन्ही बाजूंनी त्याच एका पूर्वजाकडून आलेली, अगदी सारखी असते. सावत्र भावंडांपासून झालेल्या रेडकात आठामागे एक. रेडकू जन्मताच काही अंगावर लिहून येत नाही. ते अशक्त निघतं, रेडी उशिरा माजावर येते, पुन्हा पुन्हा उलटते, दूध कमी देते, आणि आपण पेंडीला नाहीतर नशिबाला बोल लावत बसतो.

एक हिशेब मी सगळ्यांना करून दाखवते. रेड्यांची संख्या गुणिले म्हशींची संख्या, त्याची चौपट, भागिले दोघांची बेरीज. कळप वंशाच्या दृष्टीने खरा किती मोठा आहे ते यातून कळतं. 18 म्हशी आणि एक रेडा, उत्तर 3.8. म्हशी वाढवून 100 केल्या आणि रेडा एकच ठेवला, तरी उत्तर जेमतेम 4. पण म्हशी 18 च ठेवून रेडे चार केले तर 13. म्हशी विकत आणायला लाखो रुपये लागतात, रेडा बदलायला फक्त दुसऱ्या नंबरची कांडी लागते! हे कळल्यापासून मी अडून बसते, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

पंढरपुरी कांडी मागितली तर आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. चार पंढरपुरी म्हशींसाठी मी महिनाभर आधी सांगून ठेवते. त्या लवकर गाभण राहतात म्हणून आणल्या, त्यांच्या पोटी पुन्हा मुऱ्हाच घालायचा तर आणल्या कशाला? लिंगनिर्धारित कांडीचाही (जिच्यातून बहुतेक मादीच जन्मते) आग्रह फार. दहात नऊ रेड्या होतात हे खरं आणि फायद्याचं आहे. मी ती माझ्या दोन दुधाळ म्हशींना वापरलीही. पण अशा कांड्या मोजक्या रेड्यांच्याच मिळतात. सगळ्या वाड्याने घेतल्या तर पाच वर्षांनी दारोदारी सावत्र बहिणीच दिसतील.

गावठी म्हशींवरून आमचा वाद झाला. तो म्हणतो, "काकी, यांना मुऱ्हा घाला, दूध दुप्पट होईल." एखादीला घातला तर हरकत नाही. पण पहिल्या पिढीत मुऱ्हाचा अर्धा वाटा, मग 75 टक्के, मग 87.5, चौथ्या पिढीत 94 च्या आसपास. चार वेतांत नव्हे, चार पिढ्यांत गावठी संपते. आमच्या गावठी म्हशी जुलैच्या पावसात उतारावर चरून संध्याकाळी आपणहून परत येतात, कमी पेंडीवर तग धरतात. त्यांची कांडी कुणाकडेच नाही. म्हणून त्या तिघींसाठी आम्ही तीन घरांनी मिळून एक गावठी रेडा ठेवला आहे. त्याच्या लेकी माजावर यायच्या आत तो दुसऱ्या गावात जाणार आणि तिकडचा इकडे येणार. आणण्याआधी त्याची ब्रुसेलाची (म्हशींचा गाभ पाडणाऱ्या रोगाची) रक्ततपासणी करून घेतली, कारण हा रोग माणसालाही होतो. रेड्या चार ते आठ महिन्यांच्या असताना त्यांना त्याची लसही टोचून घ्या.

(शेजारचे विचारतात, जंगलातल्या गव्याचं रक्त म्हशीत येतं का? येत नाही. गवा गाईच्या जवळचा, म्हशीशी त्याचं जमत नाही.)

सांगून सांगून फरक पडला. आता तो कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर आणि रेड्याचा नंबर एकाच कार्डावर लिहून देतो. पण मागितलं तरच. न मागता द्यायला हवं. कांडी भरायच्या आधी म्हशीचा बाप कोण हेही त्यानेच बघायला हवं, ते अजून मीच बघते. म्हणून पाचापैकी साडेतीन देते. हात स्वच्छ, वेळ पाळणारा, खरं बोलणारा आहे. कंटेनरमध्ये सहा-सात रेडे आणि एखादी पंढरपुरी ठेवायला लागला तर पाच देईन.

पावसात चोर्ला घाटाच्या बाजूला फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवर बिल्ल्याचा नंबर, माज दिसल्याची वेळ आणि मागच्या रेड्याचा नंबर टाकून ठेवा, रेंज आली की तो बघून निघतो.