सिसिलीतला व्हिला रोमाना देल कासाले: फरशी बघायला जा!

पियात्सा आर्मेरिना गावापासून थोडं बाहेर आहे हे, गाडी असेल तर बरं पडतं. चौथ्या शतकातला रोमन व्हिला (म्हणजे गावाबाहेरचा मोठा वाडा), १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि जवळपास ३५०० चौरस मीटर मोझाइक, म्हणजे फरशीवर रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, जागच्या जागी! बाराव्या शतकात दरड कोसळून सगळं चिखलाखाली गेलं म्हणूनच इतकं टिकलं म्हणे.

वरून पूल बांधलेत, त्यावरनं चालत खाली बघायचं. बिकिनीतल्या मुलींच्या चित्रापाशी गर्दी असतेच, पण माझा जीव अडकला तो शिकारीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, साठेक मीटर नुसते प्राणी, दोरीने ओढत आणलेला गेंडा, आणि एक माणूस शहामृगाला चक्क कवेत घेऊन जहाजाच्या फळीवरून चढतोय, ते बघून मी तिथेच थांबले. टोकाला हत्ती आणि वाघाच्या मधे एक बाई बसलीये, काही अभ्यासक तिला भारत मानतात, अंगावर काटाच आला हो.

उन्हाळ्यात छपराखाली जाम उकडतं, सकाळी उघडल्या उघडल्या जा. घाईच्या टूरसोबत तर नकोच, आमच्या ग्रुपला तासाभरात बाहेर काढलं, निदान अडीच तास हवेतच.