कूलरच्या घरघरीत दक्षिण ध्रुव: आठ महिने ऐकल्यानंतर

आधी वापराचा तपशील. वस्तू: ‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’ या १९४८ सालच्या ब्रिटिश चित्रपटाचं संपूर्ण पार्श्वसंगीत, सीडीवर. संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स (राल्फचा उच्चार ‘रेफ’ असा, त्यांचा तसा आग्रहच होता). वापराचा काळ: मार्च ते ऑक्टोबर. ठिकाण: नागपुरात मानेवाडा रोडवर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, डोक्यावर थेट स्लॅब. साधनं: जुना सीडी प्लेअर, दोन मध्यम स्पीकर, एक वायरवाला हेडफोन. अडथळे: कूलर.

मी मुद्रितशोधक आहे. फेब्रुवारीत ध्रुवप्रदेशांवरचं, मुलांसाठी लिहिलेलं एक हस्तलिखित आलं. त्यात एकच माणूस तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला: ओट्स, ओएट्स, ओट्झ. खरा उच्चार बघायला नेटवर शिरलो. तिथं चित्रपट सापडला आणि चित्रपटामागे त्याचं संगीत. हस्तलिखित तपासून वेळेवर परत गेलं, मी मात्र तिथंच अडकलो.

गोष्ट थोडक्यात अशी. रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार साथीदार १७ जानेवारी १९१२ ला दक्षिण ध्रुवावर पोचले, तर तिथं नॉर्वेचा झेंडा. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ लाच येऊन गेलेला. परतीच्या वाटेवर पाचही जण मेले. शेवटचे तिघं ज्या तंबूत संपले, तिथून अन्नाचा मोठा साठा अकरा मैलांवर होता. म्हणजे आपल्या झीरो माइलच्या दगडापासून कामठी, साधारण तेवढंच.

चित्रपट मिळवणं हा वेगळा ताप. आपल्याकडच्या कुठल्याच ओटीटीवर मला तो दिसला नाही. शेवटी परदेशातल्या एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून डीव्हीडी मागवली. विक्रेत्यानं ‘उत्तम स्थितीत’ लिहिलं होतं. आली ती तडकलेल्या डबीत, वर पाव्हण्यासारखी पाच आठवडे उशिरा. प्लेअरमध्ये घातली तर ‘रीजन चुकीचा’. तिकडच्या डिस्का रीजन दोनच्या, आपला देश पाचमध्ये. अखेर भाच्याच्या जुन्या कंप्युटरवर चालली. संगीताची सीडी त्यामानानं सुखानं आली. लंडनला राहणारा मावसभाऊ लग्नाला येणार होता, त्याच्या बॅगेतून.

चित्रपटाबद्दल फार लिहीत नाही. दिग्दर्शक चार्ल्स फ्रेंड, स्कॉटच्या भूमिकेत जॉन मिल्स, टेक्निकलरचे निळे-पांढरे रंग आजही डोळ्यांना गार वाटतात. पण फारच सभ्य चित्रपट आहे. सगळे शूर, सगळे हसतमुख, चूक कुणाचीच नाही. बाबांनी अर्धा बघितला आणि म्हणाले, “हे लोक एकमेकांवर चिडत काहून नाहीत?” रास्त प्रश्न.

चिडला होता तो संगीतकार. १९४७ मध्ये चित्रपट काढणाऱ्या ईलिंग स्टुडिओचे संगीत प्रमुख अर्नेस्ट आयर्विंग यांनी त्यांना विचारलं तेव्हा त्यांचं वय ७४. काम घेतल्यावर त्यांनी मोहिमेतल्याच एका सदस्यानं, चेरी-गॅरार्डनं, लिहिलेलं पुस्तक वाचलं आणि मोहिमेचं ढिसाळ नियोजन, माणसांचे जीव नाहक धोक्यात घालणं, यानं ते संतापले. तरी माणसांबद्दलचा आदर गेला नाही. चित्रपट पूर्ण होण्याची वाट न बघता त्यांनी बरंचसं संगीत लिहून टाकलं, आणि लिहिलेल्यातलं निम्म्याहून जास्त पडद्यावर वापरलंच गेलं नाही. म्हणून चित्रपट बघून हे संगीत ऐकलं असं कुणी म्हणू नये. संवादांखाली दाबलेलं, मध्येच कापलेलं, अर्धमुर्धं ऐकू येतं. माझ्याकडची सीडी २०१७ ची, मार्टिन येट्स आणि रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राची, जवळपास ८० मिनिटांची. कात्रीत गेलेलं बरंच तिच्यात परत आलंय.

आता प्रत्यक्ष वापर.

मार्चमध्ये कूलरला नव्या ताट्या बसवल्या, त्याच आठवड्यात हे संगीत घरात सुरू झालं. रात्री दहाला लावलं. सुरुवातीची मुख्य धून जड पावलांनी वर चढते, एकेक पायरी, मध्येच धाप लागल्यागत मागे ओढली जाते आणि पुन्हा चढते. इथवर ठीक होतं. मग वाऱ्याचा आवाज आला. बाबा उठून बाल्कनीत गेले, कूलरची ताटी हातानं चाचपली आणि परत आले. “पंप तर चालू आहे. मंग हा आवाज काहाचा येऊन राह्यला?”

तो वाऱ्याच्या यंत्राचा. लाकडी पट्ट्या ठोकलेलं पिंप, त्यावर ताणून टाकलेलं जाड कापड, बाजूला हँडल. फिरवलं की पट्ट्या कापडाला घासतात आणि वारा सुटतो, वेग वाढवला की सूर चढतो. नाटकात पडद्यामागे वादळ करायची ही जुनी युक्ती. या माणसानं ती व्हायोलिन आणि तुताऱ्यांच्या शेजारी वाद्य म्हणून बसवली. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “आपला कूलर द्यायचा होता मंग.”

पुढे बाईचा आवाज येतो. एक सोप्रानो (सगळ्यात उंच पट्टीत गाणारी) आणि मागे बायकांचा लहानसा कोरस, शब्द एकही नाही. आतून आईनं विचारलं, “कोण बाई रडून राह्यली रे इतक्या रात्री?” म्हटलं, रडत नाही, गातेय. “मंग शब्द कुठायत?” शब्द नाहीत, नुसता आकार. आईनं लग्नाआधी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या आहेत. ती दारात उभी राहून थोडा वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “याची सम कुठे?”

मी तेव्हा हसलो. पण पुढचे कितीतरी दिवस मी तीच शोधत होतो.

ऑर्गनचं सांगायलाच हवं, कारण त्याच्यासाठीच मी शेजाऱ्यांशी संबंध बिघडवले. आपल्याला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायानं भाता मारत नाट्यपदाला साथ करणारा गोड ऑर्गन आठवतो. इथला पाइप ऑर्गन आहे आणि तो साथ-बीथ काही करत नाही. हिमनदीच्या चढणीचं संगीत चाललेलं असतं, झायलोफोन, सेलेस्टा, पियानो बर्फाचे खडे टाकल्यासारखे टिकटिकत असतात, तंतुवाद्यं खाली सरपटत असतात, आणि अचानक पूर्ण ताकदीनिशी ऑर्गन समोर उभा राहतो. भिंतच. इथून पुढे वाट नाही असं सांगणारी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्पीकरची जाळी थरथरली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खराट्यानं छत ठोकलं. मोबाईलच्या स्पीकरवर यातलं काहीही कळत नाही, खालचे सूर निघतच नाहीत. मोबाईलवर ऐकून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांनी कृपया मत देऊ नये.

पेंग्विन आणि देवमासे यांचे तुकडे मात्र मजेचे. पेंग्विन डुलत येतात, देवमाशाला जड पितळी वाद्यं दिली आहेत. भाचीला फक्त हेच आवडतं.

एप्रिलपर्यंत मी हे संगीत, खरं सांगायचं तर, वाळ्याच्या सरबतासारखं वापरत होतो. बाहेर ४४, आत बर्फ. डोळे मिटायचे आणि गार व्हायचं. ही लबाडी मेच्या शेवटपर्यंत चालली. मग नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. एका दुपारी दोनच्या सुमाराला लाइन गेली. कूलर बंद, पंखा बंद, स्लॅबमधून भट्टीसारखी धग. आईबाबांना खालच्या मजल्यावर काकूंकडे बसवलं (खराट्याचं प्रकरण तोवर मिटलं होतं). मी वर आलो, लॅपटॉपची बॅटरी होती, हेडफोन लावला आणि हिमनदीचाच तुकडा ऐकत फरशीवर पडलो. गार काही वाटलं नाही. खिडकीतून रस्ता दिसत होता, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक फळवाला हातगाडी ढकलत चाललेला, बाकी कुत्रंसुद्धा नाही. आणि कानात ती बाई गात होती. तेव्हा लक्षात आलं की ती कुणासाठी रडतच नाहीये. तिला खाली माणसं चाललीत याचा पत्ताच नाही. मुख्य धून माणसांची आहे, ती दमते, पडते, उठते. बाईचा आवाज आणि वारा त्या जागेचे आहेत, त्यांना माणसाशी वैरही नाही आणि मायाही नाही. रस्त्यावर पडलेल्या उन्हासारखं. व्हॉन विल्यम्सना स्कॉटचा आलेला राग कुठे गेला असं मला आधी वाटत होतं. तो इथं आहे. अशा जागी माणसांना अर्ध्या तयारीनं नेलंत तुम्ही, असं म्हणणारी ही थंडी आहे. पडद्यावर जॉन मिल्स हसतमुख चालत राहतो आणि खाली संगीत त्याच्याशी सहमत होत नाही.

त्या दिवसानंतर सरबत म्हणून लावणं बंद केलं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर दुसऱ्या अंगानं शिरलो. व्हॉन विल्यम्सनी याच संगीतातून पुढे आपली सातवी सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची, अनेक भागांची मोठी रचना) रचली, ‘सिन्फोनिया अंटार्टिका’. (क गळलेला नाही, इटालियन स्पेलिंग तसंच आहे. मी पहिल्यांदा लाल पेननं गोल केला होता.) १४ जानेवारी १९५३ ला मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रानं जॉन बार्बिरोली यांच्या दिग्दर्शनाखाली ती पहिल्यांदा वाजवली. पाच भाग, चाळीसेक मिनिटं, मोहिमेचं सार. प्रत्येक भागाच्या डोक्यावर एक उतारा छापलेला आहे, शेवटचा खुद्द स्कॉटच्या रोजनिशीतला. एड्रियन बोल्ट यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणात हे उतारे नट जॉन गीलगुड वाचून दाखवतो. वाचतो सुरेख, पण दुसऱ्यांदा ऐकताना ते आमंत्रणपत्रिका मोठ्यानं वाचल्यासारखं वाटतं. मी ते गाळून ऐकतो.

सिंफनी एका फुकटच्या अॅपवर ऐकायचा मूर्खपणा केला, तोही सांगतो. तिसरा भाग, ज्यात ऑर्गन आहे, न थांबता चौथ्यात शिरतो. बर्फाची भिंत कोसळून झाल्यावर एक साधी, घरगुती धून येते, मागे राहिलेल्या बायकांसाठी लिहिलेल्या संगीतातली. या दोहोंमधला सांधा म्हणजे अख्ख्या रचनेचं काळीज. नेमकं तिथं अॅपनं सिमेंटची जाहिरात वाजवली. पैसे भरा नाहीतर डिस्क घ्या.

या चौथ्या भागातच पुढे ओट्सच्या मरणाचं संगीत येतं, घंटांचे मोजके ठोके. पाय हिमदंशानं निकामी झाल्यावर आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून मार्च १९१२ मध्ये स्कॉटचा हा साथीदार वादळात तंबूबाहेर चालत गेला. हस्तलिखितामुळे त्याच्याविषयी खणत गेलो तर कळलं, मोहिमेत येण्याआधी तो घोडदळातला अधिकारी म्हणून महूला होता. महू! दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्याला महू वेगळं सांगायला नको. बाबासाहेब जन्मले ती छावणी, आणि वीसेक वर्षांनी तिथूनच हा पोरगा बर्फात मरायला निघाला. पुढे ओट्सच्याच सूचनेवरून दुसऱ्या वर्षासाठी हिंदुस्थानातून सात खेचरं अंटार्क्टिकावर नेली गेली. नावं लाल खान, गुलाब, बेगम, राणी अशी. स्कॉटचा तंबू १२ नोव्हेंबर १९१२ ला ज्या शोधपथकाला सापडला, त्याच्याबरोबर ही खेचरं होती. मोठा पियानो आणि तुताऱ्या यांच्यासाठी जागा होती, तर लाल खानसाठी चार मात्रा लिहायला काय हरकत होती, असं माझं एक पक्षपाती मत.

तक्रारी. सीडीवर पुष्कळ तुकडे मिनिट-दीड मिनिटाचे आहेत, मूड बसेबसेपर्यंत संपतात. आवाजातला फरक प्रचंड: वारा ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की ऑर्गन घर डोक्यावर घेतो, कमी केला की वारा कूलरमध्ये हरवतो. रिमोट हातात धरूनच बसावं लागतं. आणि सलग ८० मिनिटं एका बैठकीत मला दोनदाच जमलं. नवख्यानं आधी सिंफनी ऐकावी, मग या सीडीकडे यावं. उलट क्रमानं गेलात तर कंटाळाल.

ऑक्टोबरात कूलर धुऊन, वाळवून, चादर गुंडाळून बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवला. त्या रात्री सिंफनीचा शेवट पहिल्यांदा खऱ्या शांततेत ऐकला. मुख्य धून शेवटची चढते, मोडते, आणि मग उरतात फक्त बाईचा आवाज आणि वारा. आवाज जातो, वारा राहतो, तोही विरत जातो. उन्हाळाभर मला वाटायचं की कूलरमुळे शेवट कळत नाही. कूलर नव्हता तरी कळला नाही. संपलं म्हणून प्लेअरकडे पाहिलं तर आकडे अजून चालू होते. आई शेजारी वाती वळत बसली होती, तिचे हात थांबले होते. “सापडली काय रे सम?” म्हटलं, नाही. “मलाही नाही,” म्हणाली आणि पुढची वात घेतली.

डीव्हीडी कुणाला हवी असेल तर माझ्याकडची घेऊन जा, डबी तडकलेली आहे, रीजनचं तुमचं तुम्ही बघा. सीडी मिळणार नाही.