चोर बाजार की जुना बाजार?

जुन्या वस्तूंचं वेड असेल तर दोन्हीकडे जावंच, पण काय शोधायचंय ते आधी ठरवा. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार म्हणजे कायमची दुकानं: हंड्या-झुंबरं, लंबकाची घड्याळं, सिनेमाची पोस्टरं, ग्रामोफोन. माल निवडलेला, पुसलेला, त्यामुळे भावही चढा. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो, रस्त्याकडेला पथाऱ्या पसरून. पाने, नटबोल्ट, गाड्यांचे सुटे भाग यांच्या ढिगात एखादा पितळी अडकित्ता, काळवंडलेला पानाचा डबा हाती लागतो. उन्हात उकिडवं बसून उपसावं लागतं. मला तर तेच आवडतं. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळ म्हणून दिलेल्या वस्तूला तो चिकटला, तर आत लोखंड आहे. ग्रामोफोनची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी घेताना ती उजेडात तिरकी धरून केसाएवढी चीर आहे का पाहा. या तबकड्या फार ठिसूळ.

दुरुस्त केलेलं, चालू घड्याळ हवं असेल तर मुंबई. आजीच्या स्वयंपाकघरातलं काही शोधत असाल तर माझं मत पुण्याला, आणि तेही सकाळी लवकर.